निर्जन आणि ओस

समानार्थी शब्दांच्या यादीत ‘निर्जन’, ‘ओस’, ‘ओसाड’, ‘उजाड’ हे शब्द एका ओळीत बसवलेले असतात आणि परीक्षेपुरते ते तसे बसवायला हरकत नसते. परंतु भाषेचा कान असलेला माणूस बोलताना त्यांची अदलाबदल करीत नाही. रान निर्जन असते, गाव ओस पडते. चंद्राला कोणी ओस म्हणत नाही, कारण तेथे कधी कोणी नांदलेच नव्हते. ‘ओस पडणे’ या शब्दप्रयोगाच्या पोटात एक भूतकाळ आहे. येथे माणसे होती, चुली पेटत होत्या, आता त्या पेटत नाहीत, एवढी हकीकत तो इवलासा शब्द सांगून जातो. ‘निर्जन’ हा शब्द वर्णन करतो. ‘ओस’ हा शब्द साक्ष देतो.

या भेदाचा विचार करायला मला लावले ते एका दूरच्या बेटावरील समुद्रकिनाऱ्याने. प्रश्न मात्र त्या किनाऱ्यापुरता नाही. एखाद्या ठिकाणची शांतता आपल्याला सुखावते. आणि पुढे कळते की, ती शांतता तेथली माणसे घालवून दिल्यामुळे निर्माण झालेली आहे. अशा वेळी त्या सुखाचे आपण काय करावे? ते टाकून द्यावे, निमूट घ्यावे, की आणखी काही करावे?

आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त ग्लासगोला असतात. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, मे महिन्यात, आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी चार दिवसांची रजा काढली आणि आम्हाला स्कॉटलंडच्या वायव्येकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर नेले. स्काय बेटावरील ऊग या धक्क्यावरून मोटारीसकट बोटीत चढायचे आणि पावणेदोन तासांच्या आसपास प्रवास करून हॅरिस बेटावरील टार्बर्टला उतरायचे. आपले बेळगाव १६ अक्षांशाच्या थोडे खाली आहे. हॅरिस ५८च्या जवळपास आहे. मे महिन्यात तेथे रात्री साडेनऊ वाजताही वर्तमानपत्र वाचता येते. भरउन्हाळ्यात आपल्याकडे झाडाखाली बसून घाम पुसायचा, तर तेथे अंगावर दोन स्वेटर चढवूनही वारा हाडापर्यंत पोचतो.

बेटाच्या पश्चिम अंगाला लस्केन्टायर नावाचा किनारा आहे. जगातील सुंदर किनाऱ्यांच्या याद्या निघतात, त्यांत त्याचे नाव वारंवार असते, आणि ते उगाच नव्हे. ओहोटीच्या वेळी मैलभर पसरलेली पांढरी वाळू, तिच्यावरून सरकणारे हिरवट-निळे पाणी, पलीकडे हॅरिसचे काळपट डोंगर आणि समोर टॅरन्से नावाचे लहानसे बेट. ही वाळू आपल्या गोवा-कारवारकडच्या वाळूसारखी नाही. शंख-शिंपल्यांचा हजारो वर्षे चुरा होऊन ती तयार झालेली आहे. वारा हीच चुनखडीयुक्त वाळू आत जमिनीवर नेऊन पसरतो आणि किनाऱ्यालगत सपाट, कसदार कुरणाचा पट्टा तयार होतो. उन्हाळ्यात तो रानफुलांनी भरून जातो. या कुरणाला तेथल्या गॅलिक भाषेत जो शब्द आहे, तो उच्चारताना कानाला जवळजवळ ‘माखर’ असा लागतो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “नाव अगदी शोभतंय. मखरच आहे हे!” असे मखर स्कॉटलंडचा पश्चिम व उत्तर किनारा आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा सोडला तर जगात इतरत्र नाही.

आम्ही तास-दीड तास त्या वाळूवर हिंडलो. एवढ्या विस्तारात आमच्याशिवाय दोन-तीन माणसे असतील. भेळेची गाडी नाही, गाणी लावलेली नाहीत, कोणी कोणाला हाका मारीत नाही. वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज तेवढा. माझ्यासारख्या, बारा महिने घंटेच्या ठोक्यावर आणि मुलांच्या गलक्यात जगणाऱ्या माणसाला ती शांतता औषधासारखी वाटली. मनातले सगळे तंटे खाली बसले. हे सुख खरे होते आणि पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ते खोटे ठरत नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

किनाऱ्याकडे येणाऱ्या अरुंद रस्त्याच्या कडेला एक दफनभूमी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शिळा, काही अगदी अलीकडच्या. या भागातील वस्तीच्या मानाने ती मोठी वाटते. जिवंत माणसांची घरे थोडी आणि थडगी पुष्कळ, असा तो हिशेब कसा लागावा? ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथल्या वृद्ध बाईंना मी संध्याकाळी हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “यातले पुष्कळ लोक इथे राहत नव्हते. ते पलीकडून आणलेले आहेत.” ‘पलीकडून’ म्हणजे बेटाच्या पूर्व अंगाहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेकडे गेलो आणि ‘पलीकडे’ या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहिला. हॅरिसचा पूर्व किनारा म्हणजे नुसता उघडा खडक. सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा, पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांपैकी एक. मध्ये मध्ये काळी डबकी आणि दलदल. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाच्या १९६८ सालच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटात गुरू ग्रहाचा पृष्ठभाग दाखवायचा होता, तेव्हा हॅरिसवर विमानातून केलेले चित्रण रंग बदलून वापरण्यात आले. परग्रह म्हणून शोभावा असा तो मुलूख. आणि नेमकी तेथेच, खडकाच्या प्रत्येक खोबणीत घरे आहेत, लहान लहान बंदरे आहेत, नावे असलेली गावे आहेत. पश्चिमेला कसदार कुरण मोकळे आणि पूर्वेला कातळावर माणसे! निसर्गाने ही वाटणी केलेली नाही. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

इतिहास थोडक्यात असा. हॅरिस बेट शतकानुशतके मॅक्लाउड घराण्याकडे होते. पश्चिमेच्या कुरणपट्ट्यावर कुळे शेती करीत, गुरे पाळीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकण्याचा धंदा भरभराटीला आला. काच आणि साबण तयार करायला ती राख लागे. नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी माल बंद झाला आणि भाव चढले. जमीनदारांना मजूर हवे होते, तोवर माणसे जितकी वाढतील तितकी बरी होती. १८१५ साली युद्ध संपले, परदेशी माल पुन्हा येऊ लागला, राखेचे भाव कोसळले आणि कालपर्यंत हवी असलेली माणसे एकाएकी ‘जास्त’ झाली. मेंढ्यांना मात्र मागणी होती. एक मोठा मेंढपाळ-मक्तेदार शंभर कुळांपेक्षा जास्त आणि बिनबोभाट खंड देत असे. तेव्हा पश्चिमेची गावे एकामागून एक मोकळी करण्यात आली. १८३४ साली बेट अर्ल ऑफ डन्मोरला विकले गेले, पण गावे उठवणे थांबले नाही. १८३९ साली बोर्व्ह या गावची माणसे हलेनात, म्हणून सैनिक आणावे लागले. काही कुटुंबे अटलांटिक ओलांडून कॅनडातील केप ब्रेटनला गेली, काही पूर्वेच्या कातळावर गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात आणि बेटांवर सर्वत्र अशी उठवाउठव झाली. इतिहासात तिला ‘हायलँड क्लिअरन्सेस’ म्हणतात. शेत साफ करावे तशी माणसे ‘साफ’ केली, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

कातळावर माती नव्हती, म्हणून माणसांनी ती तयार केली. समुद्रशेवाळ पाठीवरच्या करंड्यांतून वर वाहून आणायचे, त्यात जागोजागची मूठमूठ माती मिसळायची, आणि त्याचे उंच वाफे रचून त्यांत बटाटे लावायचे. वाहण्याचे हे काम बहुतेक बायकांचे असे. ते वाफे आजही टेकड्यांच्या उतारावर कंगव्याच्या दातांसारखे दिसतात. इंग्रजीत त्यांना ‘लेझी बेड’ म्हणतात, म्हणजे आळशी वाफे! नाव देण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि घाम कोणाचा असतो, याचा याहून बोचरा दाखला मला माहीत नाही.

आणि आता ती दफनभूमी. पूर्वेच्या कातळात बटाट्यापुरती माती करता आली तरी माणूस पुरण्याइतकी खोल माती कोठून आणणार? म्हणून कोणी वारले की प्रेत खांद्यावर घेऊन लोक डोंगर ओलांडीत आणि पश्चिमेच्या मऊ वाळूत त्याला मूठमाती देत. त्या पायवाटेला आजही ‘कॉफिन रोड’, म्हणजे शवपेटीची वाट म्हणतात. खांदेकरी वाटेत ठिकठिकाणी थांबत, आणि अशा जागी दगड रचून ठेवण्याची चाल होती असे सांगतात. वाचकहो, आपल्याकडे तिरडी मध्ये टेकवतात त्या जागेला आपण ‘विसावा’ म्हणतो. हजारो मैलांवरच्या, वेगळ्या धर्माच्या माणसांनाही त्या वाटेवर विसावा लागत होता. ज्या जमिनीवर जिवंतपणी पाय ठेवायला मज्जाव, तेथे मेल्यावर प्रवेश मिळे. लस्केन्टायरची ती शांतता त्या दिवसानंतर मला वेगळी ऐकू येऊ लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सौंदर्याचा आणि या सगळ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. असे विचारणाऱ्याच्या बाजूने इमॅन्युएल कांटसारखा थोर तत्त्ववेत्ता उभा आहे. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सौंदर्यमीमांसेच्या ग्रंथात एका राजवाड्याचे उदाहरण येते. हा वाडा सुंदर आहे का, असे विचारल्यावर एखादा उत्तर देईल की, बड्या लोकांनी रयतेचा घाम अशा निरर्थक गोष्टींवर उधळलेला मला पसंत नाही. कांटचे म्हणणे असे की, हे सगळे मान्य केले तरी विचारलेला प्रश्न हा नव्हे. वाडा सुंदर आहे की नाही हे ठरवताना त्याच्या असण्यानसण्यात आपला हितसंबंध गुंतता कामा नये.

कांटचे हे म्हणणे मला वाड्यापुरते पटते, किनाऱ्यापुरते पटत नाही. वाडा पाहणाऱ्याला तो कोणी तरी बांधला आहे हे दिसतच असते. दगडावर टाकीचे घाव असतात, घाम लपत नाही. पाहणारा सौंदर्य आणि श्रम या दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे आहेत. ओस पडलेल्या किनाऱ्याचे तसे नाही. तेथे अन्यायाची खूण म्हणजे काही तरी नसणे, आणि जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. उलट तेच न दिसणे सौंदर्य म्हणून समोर येते. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत ‘अस्पर्श’, ‘आदिम’ अशी विशेषणे येतात, ती येथूनच. पण या अस्पर्श म्हटल्या जाणाऱ्या किनाऱ्याजवळच्या टेकडीवर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी उभा केलेला पुरुषभर उंचीहून मोठा शिलाखंड आहे. बोर्व्ह हे गावाचे नाव नॉर्स भाषेतल्या गढीवाचक शब्दावरून आले आहे. निर्जन जागेला गढीचे नाव कोण देईल? तेव्हा या किनाऱ्याला निर्जन म्हणणे ही रुचीची बाब राहत नाही, ते एक चुकीचे विधान होते. सौंदर्याचा निर्णय नीतीपासून वेगळा ठेवता येईल; सत्यापासून कसा ठेवणार?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पृथ्वीच्या पाठीवर अशी कोणती जमीन आहे जिच्यावरून कधी कोणाला हुसकावले गेले नाही? असा हिशेब करू लागलो तर माणसाने कोठेच सुखाने बसू नये. शिवाय १८३९ साली सैनिक पाठवले त्यात माझा काय दोष? मी तर ज्यांच्यावर त्याच साम्राज्याने राज्य केले त्यांचा वंशज. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच येथे ‘दोष’ हा शब्द मला उपयोगाचा वाटत नाही. दोष कर्त्याला लागतो. मात्र आपल्या परंपरेत दोषाहून वेगळी अशी एक कल्पना आहे, ती म्हणजे ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांत आपण काही अपराध केलेला असतो असे नाही. आपण काही तरी घेतलेले असते, एवढेच. जन्माला आलो म्हणून देणे लागते. लस्केन्टायरच्या वाळूवर मला जी शांतता मिळाली ती कोणी तरी फार महाग किमतीला, मनाविरुद्ध, मोजून ठेवलेली होती. मी ती घेतली. मला अपराधी वाटण्याचे कारण नाही, पण मी फुकट घेतली असे म्हणता येत नाही.

ऋण म्हटले की फेड आली. ती प्रवाशाने कशी करावी? पहिली फेड म्हणजे जाणून घेणे. दफनभूमी दिसली तर ती कोणाची म्हणून विचारणे, गावांची नावे तेथल्या माणसांच्या तोंडून ऐकणे आणि जमेल तशी उच्चारणे. हे फार किरकोळ वाटेल. पण भाषा आणि वस्ती एकत्र नांदतात आणि एकत्र ओस पडतात. १८७२ साली स्कॉटलंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यात गॅलिक भाषेला जागाच नव्हती. २०२२ सालच्या जनगणनेत या बेटसमूहातही गॅलिक बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेल्याचे दिसून आले. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, गावाच्या पाटीवरचे नाव म्हणजे काय असते, हे मी नव्याने सांगायला नको.

दुसरी फेड म्हणजे तेथे आज जी माणसे राहतात त्यांच्या बाजूने उभे राहणे. येथे एक अडचण आहे. ज्याला शांतता आवडली तो ती विकत घेऊ पाहतो. शहरातील सधन माणसे अशा किनाऱ्यांवर सुट्टीपुरती घरे घेतात. घरांच्या किमती चढतात आणि तेथलाच तरुण घर मिळत नाही म्हणून निघून जातो. एके काळी मेंढ्यांनी जे केले ते उद्या आपल्यासारखे निसर्गप्रेमी करतील, अगदी हळुवारपणे आणि कायदेशीर मार्गाने. आमच्या यजमान बाई बोलता बोलता म्हणाल्या, “पाहुण्यांना इथली शांतता आवडते. आम्ही हिवाळ्यात संध्याकाळी खिडक्यांतले दिवे मोजतो.” कोणत्या घरात दिवा लागला, कोणत्यात नाही, यावरून गाव जगते आहे की नाही ते कळते. लस्केन्टायरच्या खाडीपलीकडे, वाळूच्या अगदी कडेला, सेलेबॉस्टची प्राथमिक शाळा होती. मुले कमी झाल्याने ती बंद झाली. तिचे अंगण, समोरची ती वाळू आणि ते पाणी पाहून कोणी म्हणेल, किती रमणीय जागा! मी हेडमास्तर आहे. मला त्या इमारतीपुढची शांतता क्षणभरही रमणीय वाटली नाही.

कोणी म्हणेल, हाकलणे वेगळे आणि आपण होऊन जाणे वेगळे. टॅरन्से बेटाचे उदाहरण घ्या. १९०१ साली तेथे ७६ माणसे होती. शेवटचे कुटुंब १९७४ साली बेट सोडून गेले. त्यांच्यावर कोणी सैनिक धाडले नव्हते. पुढे २००० साली बीबीसीने दूरदर्शनवरील एका कार्यक्रमासाठी निरनिराळ्या ठिकाणची ३६ माणसे त्याच बेटावर वर्षभर ठेवली. एकाकी बेटावर माणसे कशी जगतात हा प्रयोग प्रेक्षकांनी मोठ्या उत्सुकतेने पाहिला. जे लोक खरोखर तेथे जगून दाखवीत होते, त्यांचे जगणे पाहायला मात्र कोणी आले नव्हते. गेले ते ‘स्वखुशीने’ गेले, असे कागदावर म्हणता येईल. पण सोबतीला शेजार नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, अशा जागेवरून उठणाऱ्याची खुशी कितपत त्याची स्वतःची असते?

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. खानापूर तालुक्यात भीमगडचे अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाड्या आहेत. पावसाळ्यात तेथे वाट नाहीशी होते आणि आजारी माणसाला चौघांनी खांद्यावरून आणावे लागते. त्यांनी मोबदला घेऊन बाहेर पडावे असे सरकारचे म्हणणे आहे. काहींना ते हवे आहे, काहींना नको. वाघाला आणि म्हादईच्या पाणलोटाला जंगल हवे, हे मी नाकारीत नाही. मेंढ्यांच्या खंडासाठी माणसे उठवणे आणि जंगलासाठी माणसांना बाहेर बोलावणे यांत फरक आहे आणि तो लहान नाही. माझे म्हणणे एवढेच की, उद्या ते जंगल पूर्ण शांत झाले आणि आपली नातवंडे तेथे पक्षी पाहायला गेली, तर त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे की येथे वाडी होती, तिचे नाव अमुक होते. शांततेला इतिहास असतो, तो कोणी सांगितला नाही तर शांतता खोटे बोलते.

तिसरी फेड सर्वांत अवघड आणि ती व्यक्तीच्या नव्हे, समाजाच्या हातची आहे. जे ओस पडले ते पुन्हा नांदते करणे. येथे हॅरिसची हकीकत निराश करणारी नाही. १८८३ साली लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखालील आयोग गावोगाव हिंडला आणि साध्या कुळांची तोंडी साक्ष त्याने लिहून घेतली. १८८६ साली कायदा झाला. आपल्या कुळकायद्याची आठवण यावी असाच तो आहे : कुळाला बेदखल करता येणार नाही, खंड वाजवी असावा, केलेल्या सुधारणांची भरपाई मिळावी. गेलेली जमीन मात्र त्याने परत दिली नाही. त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. पश्चिमेची काही मोठी मेंढरानं मोडून तेथे पुन्हा कुळे वसवण्यात आली. २००३ साली स्कॉटलंडच्या संसदेने जमीनसुधारणेचा कायदा केला. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : कोणाही पांथस्थाला मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने हिंडण्याचा हक्क, आणि ग्रामीण वस्तीला आपली जमीन एकत्रितपणे विकत घेण्याचा हक्क. पुढे २०१० साली लस्केन्टायर, बोर्व्ह आणि स्कॅरिस्टा या भागातील सरकारी मालकीची जमीन तेथल्या रहिवाशांच्या न्यासाकडे आली. वस्ती वाढवणे, वर्षभर राहणाऱ्या कुटुंबांना घरासाठी जागा मिळवून देणे, हे त्या न्यासाचे मुख्य काम आहे. त्यांनी किनाऱ्यालगत एक सभागृह बांधले, ते २०१७ साली सुरू झाले.

हा कायदा मला एखाद्या नीतिपाठासारखा वाटतो. माझ्यासारख्या उपऱ्याला वाळूवर मोकळेपणाने हिंडण्याचा हक्क देणारा आणि तेथल्या माणसाला तेथे टिकण्याचा हक्क देणारा कायदा एकच. पाहुण्याचा आनंद आणि घरच्याचे नांदणे यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. वैर येते ते पाहुणा ‘येथे कोणीच नाही, म्हणून तर किती छान’ असे म्हणू लागतो तेव्हा.

यावर शेवटचा एक आक्षेप उरतो. एवढे सगळे डोक्यात घेऊन फिरणारा माणूस किनाऱ्याचा आनंद घेणार कसा? याला माझे उत्तर अनुभवाचे आहे. पूर्वेचा कातळ पाहून आल्यावर, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा लस्केन्टायरला गेलो. पाणी तेच होते, वाळू तीच होती, आणि ती पहिल्यापेक्षा कमी सुंदर दिसली नाही. फक्त एकटे वाटेनासे झाले होते. ज्या घराण्याची हकीकत आपल्याला ठाऊक असते त्या घरात पाऊल ठेवताना आपण जसे चप्पल बाहेर काढतो आणि आवाज थोडा खाली आणतो, तसे काहीसे झाले. आनंदाला आदराची जोड मिळाली की आनंद कमी होत नाही. तो नुसत्या करमणुकीचा राहत नाही इतकेच.

दिवाळीच्या दिवसांत आपणही आपल्या गावी जातो. आळीतल्या किती घरांपुढे पणत्या आहेत आणि किती दारांना कुलूप आहे, हे आपल्याला दिसते. मराठी शाळेच्या पटावर यंदा किती नावे आहेत, हे माझ्यासारख्याला विचारावेच लागते. कोणी पुण्याला गेले, कोणी बंगळूरला, कोणाची मुलगी माझ्यासारखीच ग्लासगोला. जाणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण शहरातून चार दिवस आलेली मंडळी ओसरीवर बसून “गावाकडे किती शांत वाटतं नाही!” असे म्हणतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसून एवढे तरी विचारावे, की ही शांतता निर्जन म्हणायची की ओस? आणि ओस असेल, तर त्या कुलूप लागलेल्या घरात कोण राहत होते ते मुलांना नावानिशी सांगावे, शेजारच्या उघड्या घरात जाऊन फराळ करावा आणि शाळेच्या पटावर एखादे नाव वाढवता आले तर पाहावे.